नळीचं दुसरं टोक

शेंगदाणा बहुतेकदा उजवीकडेच जातो.
उजवी वाट जरा सरळ, जरा रुंद,
पडणाऱ्याला सोपी.
भटू बोरसेंची माही, वय पावणेतीन,
कापडण्याच्या शेतात उपटलेल्या शेंगांच्या ढिगावर बसून
खाता खाता हसली,
एवढंच.

आता ती धुळ्यात, माझ्यासमोर.
बाहेर वैशाख, पंचेचाळीस अंश,
आत तिच्या छातीची एकच बाजू फुलते,
दुसरी नुसती मागे राहते.

मास्क धरते.
पिवळ्या बाटलीतला गोडसर वास
तिच्या नाकाशी नेते, हळूच,
झोपलेल्या मांजरापासून जावं तसा.
ती मान फिरवते, मुठी आवळते,
मग मुठी सुटतात.
नखांत अजून शेतातली माती.

इथून पुढे रस्ता एक आणि वाटेकरी दोन.
माझा वायू आणि नेहते सरांची दुर्बीण,
तिच्या करंगळीएवढ्या नळीत.
एरवी सगळं बंदिस्त असतं,
उरलासुरला वायू पाइपातून गच्चीवर जातो.
तो पाइप आधी मागच्या भिंतीत उघडायचा,
बरोबर तिथे, जिथे नातेवाईक
सावली बघून डबे सोडतात.
मी तीन अर्ज केले.
चौथा लिहायच्या आत अकीलनेच शिडी लावली.

पण आज तोंड उघडं.
मी देते त्यातलं थोडं तिला,
बाकीचं खोलीला.
सर इतके वाकलेत
की तिचा उच्छ्वास आधी त्यांनाच मिळतो.
गेल्या पोळ्याला अशाच एका केसमध्ये
त्यांनी दोन जांभया दिल्या
आणि विचारलं, "आज वार कोणता?"
सगळे हसले.
मला हसू आलं नाही.

धूर असता तर कुणी खिडकी उघडली असती.
याचा डाग पडत नाही, ठसका लागत नाही,
संध्याकाळी नुसतं डोकं जड,
आणि आपण म्हणतो, ऊन फार.

ट्रॉलीपाशी कल्पना वळवी.
मी बाटली उघडली तशी
ती एक पाऊल मागे सरकली,
दाराच्या फटीकडे तोंड करून उभी.
चार दिवस झाले, चहाला नको म्हणते.

कळ शून्यावर फिरवली.
"सिस्टर, ते पांढरं औषध द्या. आता शिरेतून चालवू.
आणि मग बाहेरची नोंदवही बघा जरा,
आत अकील थांबेल."
दुधासारखं ते औषध
थेंबाथेंबाने तिच्या मनगटात शिरू लागलं.
माही आपापली श्वास घेत राहिली.

चिमटा पोचला. निसटला.
यंत्राचा सूर एक पायरी उतरला,
ब्याण्णव,
अठ्ठ्याऐंशी,
"सर, बाहेर या."
ते आले, लगेच, न बोलता.
ऑक्सिजन. वाट बघणं.
सूर पुन्हा चढेपर्यंत
कुणीच कुणाकडे बघत नाही.

दुसऱ्या खेपेला अर्धा दाणा.
चौथ्या खेपेला उरलेला,
फुगलेला, सालपट गेलेला,
स्टीलच्या वाटीत टिणकन.
मी कान लावला.
उजवीकडे वारं वाहत होतं.

दाराबाहेर भटू बोरसे, टोपी हातात.
"उठी ना वं माय, मनी आंडेर?"
माझं सासर धरणगावचं, एवढी अहिराणी येते.
"उठी," म्हटलं, "आत्ते रडी, आयकज्यो."
आणि ती रडली,
घोगरं, रागावलेलं, दोन्ही बाजूंनी.
तो भिंतीला टेकून खाली बसला.

कल्पना नोंदवहीपाशीच होती.
"मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं?"
"कुणी नाही."
"घरी पण अजून..."
"बरं."
ती पेनचं टोपण काढत, लावत राहिली.

उद्याच्या पाळीत तिचं नाव
मी वॉर्डासमोर लिहिलं.
कारणाच्या रकान्यात
एक आडवी रेघ.